रिकामं सूप

दिवसाउजेडी घरातली बाई आडवी झाली की घराला अवकळा येते, असं आपल्याकडे अजूनही मानतात. पिंपळगाव बसवंतला कोंडाजींच्या घरात तसं कुणी बोलून दाखवत नसे. तरी त्यांची सून संध्या दुपारी पाठ टेकायची ती दाराकडे कान ठेवूनच. पाऊल वाजलं की उठायची आणि हाताला लागेल ते काम धरायची.

दोन हजार तीनचा द्राक्षहंगाम चालू होता. संध्या पहाटेपासून घरचं उरकून दुपारनंतर पॅकहाऊसवर घड पेटीत भरायला जाई. एकदा तिथेच तिला घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या आणि रोज दुपारी निजायला बजावलं. मॅनेजर म्हणाले, "पुन्हा चक्कर आली तर घरीच बसावं लागेल, ताई." संध्याला ते काम सोडायचं नव्हतं. तिच्यासारखी पेटी तिथे कुणालाच भरता येत नसे, आणि हे सगळ्या बायका मान्य करत.

कोंडाजी त्याच पॅकहाऊसच्या शीतगृहावर कामाला होते. एका दुपारी ते पाळी संपवून घरी आले, तर संध्या उभ्यानेच सूप पाखडत होती. बघता बघता तिचा तोल गेला. कोंडाजींनी दंडाला धरून तिला खाली बसवलं. सूप जमिनीवर पडलं. त्यातून एक दाणाही सांडला नाही.

"रिकामं सूप पाखडत होतीस होय, पोरी?"

"जरा पडले होते, आबा. तुमच्या चपला वाजल्या..."

"मग मी काय वाघ हाय?"

"तसं नाही. पण बरं दिसत नाही."

कोंडाजींनी सूप उचलून खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "तुझी सासूबी असंच करायची. मी आलो की तिच्या हातात केरसुणी. मी चार लोकांत सांगायचो, आमची सगुणा लय कामसू. दिवसाची आडवी मी तिला एकदाच पाहिली. तेव्हा ती उठणार नव्हती."

संध्या भिंतीला टेकली. कोंडाजी तिच्यासमोर बसले.

"पॅकहाऊसवर द्राक्षाचा माल येतो तेव्हा कसा टणक, हिरवागार दिसतो. तरी आपण तो लगेच कंटेनरात भरतो का?"

"नाही. आधी गार करतो. अंगात उन्हाचा ताव असतो ना त्याच्या. तसाच भरला तर वाटेत मऊ पडतो."

"घडासाठी खोली बांधली, अन् माणसानं तावातच चालायचं? गार करतो ते माल लांब पोचावा म्हणून. त्याला कुणी आळस म्हणत नाय."

दुसऱ्या दिवसापासून कोंडाजी स्वतः गोधडी अंथरू लागले आणि उंबऱ्यापाशी बसू लागले. शेजारच्या अक्काबाई डोकावल्या.

"सून निजते अन् सासरा राखण करतो! अशानं घरातली लक्ष्मी जाईल, कोंडाजी."

"गेली की. एकही दिवस दुपारची न निजता गेली."

अक्काबाईंनी सगुणाबाईंना राबताना पाहिलं होतं. त्या पायरीवर टेकल्या.

पण निजणंही शिकावं लागतं. संध्याचे डोळे मिटलेले असत, मुठी मात्र आवळलेल्या. "श्वास सोड की," कोंडाजी बाहेरून म्हणत. "धरून कुणासाठी ठेवलास? अन् ते कानबी खाली ठेव." ती हसायची. हसता हसता मुठी सुटायच्या, आणि हळूहळू झोप लागू लागली. पॅकहाऊसवर आता ती पाय ओढत चालत नव्हती. डॉक्टरही रक्तदाब उतरला म्हणाले.

हंगाम सरता सरता कोंडाजी एकदा पाळीवरून उशिरा आले. चपला नेहमीसारख्या वाजल्या. आत कुणी धडपडलं नाही.

"आबा, भाकरी टोपलीत आहे," संध्या डोळे न उघडता म्हणाली. "वाढून घ्या."

कोंडाजी दारातच उभे राहिले. पस्तीस वर्षं भरल्या ताटावर जेवलेल्या त्या माणसाला त्या दिवशी स्वतः वाढून घेतलेली भाकरी फार गोड लागली! संध्याच्या शेजारी अक्काबाई चक्क घोरत होत्या.

हंगामाचा शेवटचा कंटेनर भरला तेव्हा संध्या पेट्या भरायच्या टेबलाशी ताठ उभी होती. पुढच्या हंगामात त्या टेबलावरच्या सगळ्या बायकांचं काम तिनेच सांभाळायचं, असं मॅनेजरांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

वाचकहो, आपल्या घरातलं माणूस आपली चाहूल लागताच दचकून उठत असेल, तर त्याला कामसू म्हणून मिरवू नका. त्याच्यासाठी गोधडी अंथरा. विसावा हा कामाचाच भाग आहे. तो वेळेवर घेतला, तरच माणूस लांब पोचतं.