एकदाच दाबलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. परिषदांमधली भाषणे टिपून ठेवणे हा माझा धंदा. आकाराने विटेएवढा, रंग कधीकाळी काळा. सगळे मला 'डबा' म्हणतात. मला त्याचा राग येतो, पण आता या वयात कुणाकुणाशी भांडत बसू?

कारखान्यातून निघालो तो थेट साउंडवाल्या काकांच्या हाती पडलो. काका कामाला वाघ आणि तितकेच किरकिरे. भाषण दहाला असले तर आम्ही आठलाच सभागृहात हजर. माझ्यात नवे सेल आणि कोरे कार्ड घालायचे, कुणाचा पाय अडकू नये म्हणून वायरी चिकटपट्टीने जमिनीला बसवायच्या. मग काका व्यासपीठावर उभे राहून सबंध वाक्ये बोलून बघत. माइकवर टिचक्या मारणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. "दार वाजवताय का?" असे ते भल्याभल्यांना विचारत. बारा वर्षांत आमचे एकही भाषण वाया गेले नव्हते. लोक काकांचे कौतुक करत आणि काका माझे.

माझी एक खोड मात्र सांगितली पाहिजे. माझे लाल बटण दोनदा दाबावे लागते. एकदा दाबले की मी नुसता तयार होतो. दिवा लुकलुकतो, हेडफोनमध्ये आवाजही खणखणीत येतो, पण मी टिपून काहीच घेत नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो, तेव्हा कुठे माझे काम सुरू होते.

एकदा झाडांच्या रोगांवर परिषद होती. मुख्य भाषण एका वयस्क प्राध्यापक बाईंचे होते. सकाळीच त्यांची मुलगी काकांकडे आली.

"काका, आईचा आवाज नीट येईल ना? मंगळवारी तिच्या घशाचं ऑपरेशन आहे. नंतर हा आवाज राहील की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये."

"तू निर्धास्त बस, पोरी," काका म्हणाले. "हा डबा दगा देणाऱ्यातला नाही."

ऐन वेळी पडद्यावरचे चित्र गायब झाले. संयोजकांनी सभागृह डोक्यावर घेतले. काकांनी माझे बटण एकदा दाबले आणि ते प्रोजेक्टरकडे धावले. चित्र आले, बाई बोलू लागल्या. काकांनी परत येऊन हेडफोन कानाला लावला, तर आवाज स्वच्छ! ते समाधानाने खुर्चीत टेकले. मी जीव तोडून लुकलुकत होतो, पण डब्याकडे बघतो कोण? मागचा कॅमेरा नुसते चित्र घेत होता. त्याला आवाज नंतर माझ्याकडचाच जोडायचा होता.

बाई फार छान बोलल्या. मुलगी लहानपणी प्रयोगशाळेतल्या एका प्लॅस्टिकच्या रोपाला रोज पाणी घालायची, हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या की सगळे सभागृह हसत सुटले. चौदाव्या मिनिटाला काका सहज खाली वाकले आणि त्यांना माझा लुकलुकता दिवा दिसला. त्यांनी बटण दाबले. आकडे शून्यापासून धावू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांना सगळे खापर माझ्यावर फोडता आले असते. भाषण संपल्यावर ते मायलेकींसमोर जाऊन उभे राहिले.

"सुरुवातीची चौदा मिनिटं गेली. मशीन चांगलं आहे, चूक माझी आहे."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "त्यातच तर ती हसली होती, काका!"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सगळे जेवायला गेले की पुन्हा बोलते मी. मला कुठे घाई आहे?"

रिकाम्या सभागृहात बाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी काकांनी माझ्यावरची नजर हलवली नाही. मुद्दे सगळे आले, पण आवाज थकला होता. रोपाची गोष्टही झाली, अगदी कोरडी. ठरवून हसू येते थोडेच?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मुलगी म्हणाली, "आई, दर वेळी तू हे चुकीचं सांगतेस. पाणी मी नाही, तूच घालायचीस."

"काहीतरीच!"

"आठवडाभर घातलंस. वर वहीत लिहिलंस, 'वाढ नाही.'"

बाई टेबलाला धरून अशा हसल्या की त्यांना उभे राहवेना. "अगं बये, हे कुणाला सांगू नकोस!"

काकांनी मला बंद केले नाही. खरे कोण, यावर मायलेकी चाळीस मिनिटे भांडल्या आणि हसल्या. ते सगळे मी टिपून घेतले.

ऑपरेशननंतर बाई बऱ्या झाल्या, पण आवाज कुजबुजण्यापुरताच उरला. मुलीने भाषण एकदा उतरवून घेतले. ती चाळीस मिनिटे मात्र हरवू नयेत म्हणून तिने तीन ठिकाणी ठेवली आहेत.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि मी कपाटात पडून असतो. कधीतरी माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. पण मित्रांनो, घरातले कुणी जुनीच गोष्ट पुन्हा सांगू लागले तर "माहीत आहे" म्हणून उठून जाऊ नका. बसा, आणि मध्येच म्हणा, "असं नव्हतं झालं." म्हणजे ती माणसे अजून थोडा वेळ बोलतील.