चौदा नंबरची मर्यादा

वडील वारले त्याला चार महिने झाले, तरी निनादच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. साताऱ्याला जाऊन तेरावं उरकून तो अबुधाबीला परतला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर! रडला असता तर त्याच्या बायकोला, अनुराधाला, बरं वाटलं असतं. हा गृहस्थ मात्र जेवत होता, गाडी चालवत होता, बारावीतल्या इराला क्लासला सोडत होता. "बाबा, आर यू ओके?" असं पोरीने विचारलं तर "हो" म्हणत होता. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं आतून झालं होतं.

फुजैराच्या एका टर्मिनलवर तेलाच्या टाक्यांना जे कंट्रोलर बसवलेत, त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, निनादच्या हातचा. त्यात काही आकडे असे असतात की वर्षानुवर्षं त्यांना कुणी हात लावत नाही. कुठली टाकी किती भरली की भोंगा वाजवायचा, हा त्यातलाच एक. गौरीचे मुखवटे वर्षातून एकदा काढायचे आणि पुन्हा कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचे, तशी त्यांची गत. यंत्र सुरू झालं की निनादचा कोड मेमरीतल्या त्यांच्या जागेला कुलूप घाली. मग दुसरा एखादा प्रोग्रॅम चुकून जरी तिथे लिहायला गेला, तरी यंत्र जागच्या जागी थांबून बोंब मारी. बदल करायचाच तर एकच रस्ता: नाव सांगा, क्षणभर उघडा, लिहा, बंद करा. या कुलपाचा निनादला अभिमान होता आणि तो रास्तच होता.

पण साइटवर बसवाबसवी चालू असताना आकडे दिवसाला दहादा बदलतात. तेवढ्यापुरतं कुलूपच काढून ठेवायची एक सोय होती. काम संपलं की ते परत लावायचं, असं निनादनेच चेकलिस्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

मार्चमध्ये तो त्या शेवटच्या ओळीशी आला आणि साताऱ्याहून फोन आला. वडील शेवटच्या घटका मोजत होते. शेजारी साइटचा टेक्निशियन सुजीत उभा होता, गुहागरचा, वीस वर्षं आखातात काढलेला. त्याने निनादच्या हातातून लॅपटॉप काढूनच घेतला.

"साहेब, यल्ला, निघा तुम्ही. वडलांचं तोंड दिसायला हवं. हे राहू दे, कुठे पळून जातंय?"

स्वतः गाडी हाकत त्याने निनादला दुबईच्या विमानतळावर सोडलं. कुलूप राहिलं ते राहिलंच. परत आल्यावरही निनादला त्याची आठवण झाली नाही.

जुलैत चौदा नंबरची टाकी भोंगा न वाजताच भरून वाहिली. तेल भोवतीच्या बांधाच्या आत राहिलं, कुणाला खरचटलंही नाही. पण भोंग्याची मर्यादा ब्याण्णव टक्के असायची ती भलतीच निघाली, आणि ती कुणी बदलली याची नोंद नव्हती. साइटवर पासवर्ड असलेला माणूस एकच, सुजीत.

"टर्मिनल को एक नाम चाहिए, निनाद," त्याची मॅनेजर हुमेरा म्हणाली. "सुजीत ने गलती लिख के दे दी है. तुम मेमरी चेक करके साइन कर दो, खलास."

ती सही झाली की सुजीतचा व्हिसा रद्द होणार होता, आणि पुन्हा कुठल्या टर्मिनलच्या फाटकातून त्याला कुणी आत घेणार नव्हतं.

निनाद फुजैराला गेला. साइटच्या केबिनमध्ये बसून त्याने यंत्राची जपून ठेवलेली मेमरी उघडली. तासाभरात सापडलं. टाकीतली पातळी मोजणाऱ्या रडारचा प्रोग्रॅम आपली जागा ओलांडून मेमरीतल्या पुढच्या चार घरांत लिहून गेला होता, आणि त्यातलं तिसरं घर चौदा नंबरच्या मर्यादेचं होतं. माणसाचा हात लागलेलाच नव्हता. कुलूप असतं तर यंत्र त्याच क्षणी ओरडलं असतं. चेकलिस्टची शेवटची ओळ कोरी होती.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे खुर्चीत बसलेला. हे वाचता येणारा कंपनीत तो एकटाच होता. सही करून टाकली असती तर इराची बारावी, घर, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. निनादला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. तो नुसता स्क्रीनकडे बघत राहिला.

सुजीत दोन कप कडक चहा घेऊन आला.

"लिहून का दिलंत तुम्ही?" निनादने विचारलं.

"कंप्युटर कशाला खोटं बोलेल साहेब? टाकी वाहिली त्या दिवशी दोनदा आकड्यांचा कन्सोल उघडला होता मी. आठवत नाही, पण लागला असेल हात." त्याने कप पुढे सरकवला. "एक विचारायचं राहूनच गेलं. वडलांचं तोंड दिसलं ना?"

"नाही. मी पोचायच्या आधीच गेले."

सुजीतचा चेहरा उतरला. "विमानतळाला जाताना मसाफीला ट्रकच्या मागे अडकलो होतो आपण," तो म्हणाला. "मी गाडी अजून जोरात हाणायला हवी होती."

निनादने कप खाली ठेवला. हा माणूस चार महिने तेही आपल्याच अंगावर घेऊन हिंडत होता. निनादला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. त्याने हुमेराला मेल लिहिला: कुलूप मी काढलं, लावायला मी विसरलो, सुजीतचा काही संबंध नाही, पुरावा सोबत. पाठवला. मग त्याला रडू आलं, अगदी हुंदके देऊन.

"रडा साहेब, रडून घ्या," सुजीत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "वडलांचं दुःख असंच, उशिरा येतं."

निनादने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. सुजीतने एकेका शब्दावर बोट ठेवत मेल वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"पण साहेब," तो हळूच म्हणाला, "राहू दे म्हणून तर मीच म्हटलं होतं."