जावईबापूंनी घेतलेलं काम

घरचं काम घरच्या जावयाला देऊ नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही सगळे देतात, कारण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? जावई हा दहावा ग्रह, असं जुनी माणसं सांगून गेली खरी, पण त्या जुन्या माणसांनीही या ग्रहाला कधी वाकडा शब्द बोलल्याचं ऐकिवात नाही.

ठमाच्या घरी तेच झालं. ठमा हे तिचं माहेरचं लाडाचं नाव. वडिलांखेरीज आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सासरी ती सूनबाई आणि वहिनी. पन्नाशीला आलेली बाई, पण वडिलांनी 'ठमे' म्हटलं की अजून तिच्या अंगात शाळेतली पोरगी यायची.

वडील गवंडी. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि स्वतः राहिले तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. त्याच जिन्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी त्यांना शुश्रूषा केंद्रात हलवलं आणि ठमाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "जिना विसरा. तळमजल्यावर खोली हवी, लागूनच न्हाणीघर हवं, मधे उंबरा नको, पायरी नको. रोज चालत राहिले तर चालतील. पण या वयात एकदा अंथरूण धरलं की पाय परत मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

ठमाच्या घरामागे एक अडगळीची खोली होती आणि तिच्या पलीकडे दोन पायऱ्या उतरून जुनं न्हाणीघर. पायऱ्या काढायच्या, जमीन उचलून एका पातळीवर आणायची, मधली भिंत पाडून रुंद दार करायचं, भिंतीला धरायला दांड्या बसवायच्या. नवरा भला माणूस. "आणू या त्यांना," एवढंच म्हणाला. दुसरा शब्द नाही.

एक चष्मेवाला कंत्राटदार येऊन मापं घेऊन गेला. फार बोलला नाही. टेप धरला, पेन्सिलीनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "चोवीस दिवस. पंचविसाव्या दिवशी वडिलांना आणा." ठमाला तो माणूस आवडला. पण संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढलाच. "घरात जावई एवढी बांधकामं करतो आणि आपण परक्याला बोलावलं, हे कळलं तर माझ्या लेकीला तोंड दाखवायला जागा राहील का?" नवऱ्यानं ठमाकडे पाहिलं, ठमानं जमिनीकडे पाहिलं. झालं काम. भीड ही भिकेची बहीण, ती कधी एकटी येत नाही.

जावईबापू बोलायला फार गोड. माणूस इतका गोड की समोर असेपर्यंत त्याचा राग येत नाही, आणि गेल्यावर येऊन उपयोग नाही. पहिल्या दिवशी चार गडी घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत पायऱ्या, फरशी, मधली भिंत, सगळं भुईसपाट करून ठेवलं. "वहिनी, तुमचे वडील ते माझे वडील. महिन्याच्या आत त्यांना चालत घरात आणतो की नाही बघा." घरभर धूळ, डोळ्यांत धूळ, आणि ठमा त्या धुळीत उभी राहून आनंदानं रडत होती. वेडी.

कारण तो पहिला दिवस तोच शेवटचा. तोडायला एक दिवस पुरतो, कोणालाही तोडता येतं. दुसऱ्या दिवशी गडी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या चार गोण्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग गडी गावाला गेले. मग टाइल्स येणार होत्या, त्या चुकीच्या आल्या, त्या परत गेल्या. मग जावईबापूंना दुसरीकडे मोठं काम निघालं. "परवा नक्की, वहिनी." त्यांचा परवा कुठल्या कॅलेंडरात असतो, देव जाणे. पाडलेल्या भिंतीच्या जागी निळी ताडपत्री लागली आणि वारा आला की ती फडफडायची.

दीड महिना झाला तेव्हा ठमानं नवऱ्याजवळ विषय काढला.

"तुम्ही बोला ना एकदा त्यांना."

"बोललो असतो गं. पण ताईचं तुला माहीत आहे. इथं आपण एक शब्द बोललो की तिकडं तिला दहा ऐकावे लागतात."

हे खोटं नव्हतं. नणंदेचे डोळे ठमानंही पाहिले होते. म्हणून ती गप्प बसली. एकदा मात्र कोणाला न सांगता तिनं त्या चष्मेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, दुसऱ्याच्या अर्धवट कामाला मी हात लावत नाही. त्यांनी काम सोडलंय असं त्यांच्या तोंडून कळवा, उद्या येतो." त्यांच्या तोंडून! त्या तोंडातून साखरेशिवाय काही बाहेर पडत असतं तर हवं काय होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

आणि दर रविवारी केंद्रात जायचं असायचं.

केंद्राच्या व्हरांड्यात वडील वॉकर धरून तिची वाट पाहत उभे असायचे. व्हरांडा त्यांनी पावलांनी मोजून ठेवला होता. सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. व्यायाम घेणारी बाई यायच्या आधीच ते उठून बसत आणि तिलाच उशिरा आल्याबद्दल दटावत. "मला घरी जायचंय, तुला नसेल घाई," म्हणत. ती बाई हसून ठमाला सांगायची, आणि ठमा हसून ऐकायची.

"प्लास्टर झालं?" वडील विचारत.

"झालं."

"फरशीचा उतार कुणीकडे दिलाय?"

"जाळीकडे."

"शाबास. पाणी कोंडून ठेवलं होतं का दिवसभर? गळती बघायला?"

"ठेवलं होतं."

"किती चढवलं होतं?"

ठमानं घाबरून हात गुडघ्याजवळ नेला. "एवढं."

वडील तिच्याकडे पाहतच राहिले. "चार बोटं पाणी पुरतं, ठमे. गुडघाभर पाण्यात काय म्हशी बसवायच्या होत्या?" आणि खळखळून हसले. मग त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. "घरात काम चालू असलं की लपत नाही बघ. चपलांच्या शिवणीत सिमेंट बसतं, कितीही झटका. तुझी आई मला दाराबाहेर चपला काढायला लावायची." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. ठमाच्या चपला स्वच्छ होत्या.

पुढच्या रविवारी निघण्याआधी ती मागच्या खोलीत गेली. सिमेंटची एक गोणी फोडली. ओल लागून आतल्या सिमेंटची ढेकळं झाली होती. तिनं एक ढेकूळ दगडानं ठेचलं, त्याची भुकटी केली आणि खाली बसून दोन्ही चपलांच्या शिवणींत बोटांनी चोळली. थोडी साडीच्या काठाला लावली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. लाजही वाटत होती. पण म्हाताऱ्याचा जीव त्या न्हाणीघरात अडकलाय, तो आणखी चार आठवडे तग धरायला हवा, तोवर काम होईलच, असा तिचा हिशेब होता.

वडील त्या दिवशी बाकावर बसले होते. ती शेजारी बसली तसे ते वाकले आणि तिच्या चपलेच्या पट्ट्यावरचा एक खडा उचलला. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून कितीतरी वेळ चुरडत राहिले. तो चुरडला गेला नाही. चाळीस वर्षं ज्या बोटांतून सिमेंट गेलं, त्या बोटांना जिवंत सिमेंट कोणतं आणि गोणीतच ओल लागून मेलेलं कोणतं हे कळणार नाही, असं तिला का वाटलं असेल, कोण जाणे.

"जोरात चाललंय म्हणजे," ते म्हणाले.

"हो ना."

"चालू दे."

त्यानंतर त्यांनी कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ना उतार, ना टाइल्स, ना दांड्या. ठमाला वाटलं, सुटले. खरंच, तिला हायसं वाटलं. रविवारचे दोन तास सोपे झाले. वडील आता व्हरांड्यात नसत, खाटेवर असत. "आत्ताच फेऱ्या झाल्या, जरा पडलो," म्हणत. ती फळं कापून देई, शेजारपाजारच्या गोष्टी सांगे. खोटं बोलणारे आता दोघं झाले होते, आणि तिला वाटत होतं एकटी आपणच आहोत.

चौथ्या की पाचव्या रविवारी व्यायाम घेणाऱ्या बाईनं तिला दारातच गाठलं.

"बाबांना तुम्ही तरी सांगा हो. महिना झाला, खाटेवरून उतरत नाहीत. मी हात धरला की हात काढून घेतात. आणि ऑफिसात अर्ज दिलाय, कायमची खाट द्या म्हणून. तुम्हाला विचारूनच दिला असेल ना?"

ठमा आत गेलीच नाही. तशीच घरी परत आली.

घरी जावईबापू जेवायला आलेले होते, नणंदही होती. जेवणं उरकून जावईबापू खुर्चीत रेलून दात कोरत बसले होते. तिला पाहून म्हणाले, "या वहिनी. तुमच्या टाइल्सचं बोलणं झालंय बरं का, परवा—"

"भावोजी," ठमा म्हणाली. आवाज चढवला नाही. "उद्या सकाळी आठला माणसं आली नाहीत, तर नऊ वाजता मी हातोडा घेऊन तुमच्या घरी येईन आणि तुमचं न्हाणीघर फोडीन. मग बघू, तुम्ही किती महिने ताडपत्री लावून राहता."

सासूबाईंच्या हातातला पेला हातातच राहिला. नवरा उभा राहिला आणि पुन्हा बसला. जावईबापूंच्या तोंडातली साखर पहिल्यांदा संपलेली दिसली. निघताना नणंद दाराशी मागे रेंगाळली, ठमाचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "बरं झालं बोललीस. मला वाटायचं, कोणीतरी बोलावं." बस. एवढंच. आभाळ पडलं नाही, कोणाचा संसार मोडला नाही.

सकाळी पावणेआठला सहा माणसं आली. अकरा दिवसांत काम झालं. अकरा दिवसांत! ठमा दिवस मोजत होती. हे अकरा दिवस गेल्या चार महिन्यांत कधीही मिळाले असते. एका वाक्याचं काम होतं.

बाराव्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन केंद्रात गेली. गाडी दाराशी उभी. वडिलांचे धुतलेले कपडे पिशवीत. केंद्रातल्या दोन मावश्यांनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं. पाय खाली टेकले, पण त्यांच्यात भार घ्यायची ताकद नव्हती. गुडघे दुमडत राहिले. तीनदा प्रयत्न केला. डॉक्टर आले, पाय दाबून पाहिले, मान हलवली. "आता यांना हलवायला दर वेळी दोन माणसं लागणार. दिवसा घरी तुम्ही आणि म्हाताऱ्या सासूबाई. नाही जमायचं, बाई. इथंच राहू द्या."

सगळे बाहेर गेले. ठमानं मोबाइल काढून फोटो दाखवले. वडिलांनी चष्मा मागितला आणि एकेक फोटो निरखून पाहिला. "कोपरे छान काढलेत. दांडी बरोबर उंचीवर आहे." मोबाइल परत देऊन म्हणाले, "चांगलं काम आहे. सासूबाईंना होईल पुढेमागे."

"बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीत? एकदा तरी ओरडायचंत माझ्यावर."

"मी बोललो असतो तर तुला घरी जाऊन भांडावं लागलं असतं. सासरी तुझी पंचाईत. म्हटलं, आपणच यायला नाही म्हणून मोकळं व्हावं. तुझ्या जिवाला घोर नको."

ती रडत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच जड, खरखरीत हात.

"पण चालणं कशाला सोडलंत, बाबा? चालत राहिला असतात तर आज आला असतात ना घरी. निदान चालायचं तरी होतंत."

वडिलांनी थोडा विचार केला. तिच्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता, विचारलं म्हणून खरं ते सांगावं, तसे ते म्हणाले, "चालून जायचं कुठे होतं, ठमे?"

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. नवरा त्याला काहीतरी सांगायला गेला. ठमानं पिशवीतले कपडे काढले आणि एकेक करून खाटेशेजारच्या कपाटात लावायला लागली.