भिंतीपलीकडची

निवारागृहातल्या सगळ्या मुली ज्यांना आत्या म्हणत, त्या बाईंचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच फिरलेलं होतं. पाण्याची मोटार बंद, स्वयंपाकीणबाई रजेवर, आणि त्यात कचेरीच्या भिंतीवर पलीकडून टकटक. दोनदा पटापट, मग जरा थांबून एकदा.

टकटक करणारी मुलगी नुकतीच परदेशातून आली होती. नोकरीचं आमिष दाखवून तिला सीमेपार नेलं आणि एका घरात डांबून ठेवलं होतं. दोन्ही देशांच्या पोलिसांनी मिळून धाड घातली, तिला सोडवलं, विमानात बसवलं. सगळं इतकं सुरळीत झालं, की वरच्या साहेबांनी आत्यांना फोन करून स्वतःचंच तोंडभर कौतुक केलं. मुलगी मात्र अवाक्षर बोलत नव्हती. जेवायची, सांगितलं ते ऐकायची आणि दुपारी भिंतीशी बसून वाजवत राहायची. बाकीच्या पोरींनी तिचं नाव सुतारीण ठेवलं होतं.

मोटार दुरुस्त करणाऱ्याशी फोनवर भांडता भांडता आत्यांनी हातातल्या पेनाने भिंतीवर तशीच टकटक केली. ऐकलं गं बाई, आता पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे एकदम सामसूम झाली. मग धावत पावलं आली आणि दार उघडलं.

सुतारीण दारात उभी होती. चेहरा असा फुललेला, की आत्यांनी हातातला फोनच ठेवून दिला. तिने खोली पाहिली, कपाटाच्या मागे डोकावून पाहिलं. मग तिला आत्यांच्या हातातलं पेन दिसलं. तिचं तोंड इतकं उतरलं, की आत्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तुम्ही होतात," ती म्हणाली. आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"मीच गं. तुला कोण वाटलं?"

मग ती बोलली, जमिनीकडे बघत. ती जिथे होती तिथल्या भिंतीपलीकडे आणखी एक होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, नावंही माहीत नव्हती. सकाळी ही वाजवायची, ती उत्तर द्यायची. आहेस का? आहे. तेवढ्यावर दिवस निघायचा.

आत्यांना धाडीची हकिगत ठाऊक होती. त्या घराचा मालक निसटला होता आणि पलीकडे दुसऱ्याच माणसाच्या नावावरचं कुलूपबंद गोदाम होतं. "अगं, पोलिसांनी तिथेही हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही."

"कशी देईल? मालक आपलीच माणसं पाठवायचा. पोलीस आहोत, सोडवायला आलोय, बोला, असं ओरडायचे. जी बोलायची तिला..." तिने बाही वर केली. आत्यांना बघवलं नाही. "मीही धाडीत गप्पच होते. माझं दार त्यांना दिसलं म्हणून सुटले."

आत्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "प्रकरण मिटलंय हो. तिकडच्या लोकांना पुन्हा कशाला त्रास?"

"त्रास त्या पोरीला होतोय, साहेब. तुम्ही लावताय का मी लावू?" आत्यांचा आवाज चढला की साहेबांना ऐकू जास्त येतं, हा अनुभवच होता.

संध्याकाळी आत्यांच्या फोनच्या पडद्यावर तिकडची तपास अधिकारी आली, सोबत दुभाषी. तिने सगळं ऐकून घेतलं. "हाका मीच मारल्या होत्या," ती म्हणाली. "आत कुणी असल्याची खूण मिळाल्याशिवाय मला परक्याचं कुलूप तोडता येत नाही." मग तिने सुतारणीला विचारलं, "कसं वाजवायचं ते मला शिकवशील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अधिकारी दुभाषीला घेऊन त्या रिकाम्या खोलीत उभी होती. फोनमधून भिंत दिसत होती आणि खिळ्याला अजून लटकलेली सुतारणीची ओढणी. आत्यांनी पोरीचा हात धरला.

अधिकाऱ्याने वाजवलं.

"जोरात नको," सुतारीण म्हणाली. "तसं मालक वाजवतो. बोटाचं हाड टेकवा, नुसतं."

पुन्हा वाजलं. दोनदा पटापट, मग एकदा.

भिंतीतून उत्तर आलं. अगदी हलकं, पण तेच.

तिकडे धावपळ उडाली, कुलपावर घाव पडू लागले. आत्या ढसाढसा रडत पोरीला कुरवाळत होत्या. "आहे गं, आहे तुझी मैत्रीण!" सुतारीण पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

गोदामातून अधिकाऱ्याने जिला उचलून आणलं, ती आठ-नऊ वर्षांची होती. उजेडाने तिने डोळे मिटून घेतले होते.

"ही नाही," सुतारीण म्हणाली. "ती मोठी होती. तिचा खोकला मोठ्या बाईचा होता."

दुभाषी त्या लेकराशी हळूहळू बोलली. लेकरू तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. दुभाषी फोनकडे वळली. "ही म्हणते, इथे एक ताई होती. धाड पडून गेली, मग मालकाने हिला आणलं आणि ताईला दुसरीकडे नेलं. जाताना ताई हिला वाजवायला शिकवून गेली. म्हणाली, ओरडतील त्यांना ओ देऊ नकोस. पण अशी टकटक आली तर उत्तर दे. पलीकडची सुटलीय, ती मला न्यायला येणार आहे."

अधिकारी लेकराला घोंगडीत गुंडाळत होती. दुभाषी म्हणाली, "आता फोन ठेवूया का?"

"ठेवू नका," सुतारीण म्हणाली. ती रडली नाही. तिने पडदा दोन्ही हातांनी धरला होता. "बाईंना सांगा, त्या गल्लीत अजून घरं आहेत. पुढच्या भिंतीवर वाजवा."

अधिकारी उठली. फोन हातात घेऊन ती शेजारच्या घराकडे गेली आणि भिंतीवर बोटाचं हाड टेकवलं. तिथून काही आलं नाही. मग ती त्याच्या पुढच्या घराकडे गेली.