घोड्याच्या घरातलं प्यादं

मोतीरामने काळा हत्ती उचलला आणि पुन्हा होता तिथंच ठेवला. हत्ती म्हणजे जाळ्याला बांधायचं शिसं. खरा हत्ती कधीच हरवला होता.

"इथं नाय. या हत्तीसमोर बरोबर खेळलीस," तो म्हणाला. "मंग हरलीस कुठं?"

समोर बसलेली रुपल नखानं मासळीच्या क्रेटचा कोपरा खरवडत राहिली. पट त्याच क्रेटवर मांडला होता.

परवा कासा गावात तालुक्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी ती हरली. डाव असा रंगला होता की आपले खेळ आटोपलेली मुलंही घरी जायचं विसरून भोवती उभी राहिली. तेव्हापासून मोतीरामला चैन नव्हतं. तो पटापाशी बसे, उठे, दारातून खाडीकडे बघे, परत येऊन पहिल्यापासून मांडायला लावी. लेक हरल्याचं दुःख होतंच. पण कुठं हरली ते आपल्याला सापडत नाही, हे त्याला जास्त झोंबत होतं. किनाऱ्यावरच्या निम्म्या पोरांना बुद्धिबळ त्यानंच शिकवलं होतं.

"मी घाबरले, बाबा."

"कुठल्या चालीला घाबरलीस?"

रुपल खाल्लेली प्यादी क्रेटच्या कडेला ओळीत लावू लागली.

"चूक सापडल्याबिगर रविवारी तलासरीला जायचं नाय. तीच चूक परत करून यायला?"

रुपलने मान खाली घातली. तलासरीच्या स्पर्धेसाठी ती महिनाभर दिवस मोजत होती.

बाहेर बांबूवर बोंबील टांगणाऱ्या जमुनाने, त्याच्या बायकोने, हाक दिली, "अवो, पाणी भरत आलं. जाळं कोण शिवणार? पोरीचा जीव नका खाऊ."

"आलो," म्हणत मोतीराम तिथंच बसला आणि पुढच्या चाली भराभर खेळत गेला. पट रिकामा होत गेला. रुपलची दोन प्यादी उरली. एक घोड्याच्या रांगेत, शेवटच्या घराला एक पाऊल कमी. दुसरं वजिराच्या रांगेत, बरंच मागं. तिनं पुढचं सोडून मागचं पळवलं होतं. स्पर्धेत तेवढ्यात समोरच्या काळ्या हत्तीने आधी पुढचं खाल्लं होतं, मग मागचं अडवलं होतं.

"मागचं पळवलंस हे झकास," मोतीराम म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "घोड्याच्या घरात गेलं तर घोडाच होणार. वजीर पायजे तर वजिराच्या घरात जायला लागतं. मी असतो तरी हेच खेळलो असतो."

रुपलला रडू आलं. मग हात पुढे करून तिनं घोड्याच्या रांगेतलं प्यादं एक घर सरकवलं, उचललं आणि तिथं वजीर ठेवला.

"काय करतेस गो? घोडा ठेव."

"तिथं वजीर घेता येतो, बाबा. टोकाच्या कुठल्याही घरात."

"कोण बोलला?"

"समोरची मुलगी. डाव संपल्यावर. मला वाटलं चिडवतेय, म्हणून पंचांना विचारलं." तिचा आवाज बारीक झाला. "ते पण तेच बोलले."

शाळेतल्या सरांनी तिला राजाचा किल्लेकोट आणि प्याद्याची पहिल्याच चालीतली दोन घरं शिकवली होती. बाकीचं तिला घरून येतंच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि त्या फेरीपर्यंत तिचं एकही प्यादं टोकापर्यंत पोचलं नव्हतं.

मोतीराम वजिराकडे बघत राहिला. त्यानं शिशाचा हत्ती इकडून तिकडे नेऊन पाहिला. वजिरापुढे त्याचं काही चालेना.

"तू जिंकलेलीस," तो म्हणाला.

"हो."

"आन मी परवापासून तुलाच ओरडतोय."

बाहेरून जमुनाने पुन्हा हाक मारली. या वेळी तो "आलो"सुद्धा म्हणाला नाही. त्याला दाराकडे बघवेना आणि लेकीकडेही बघवेना.

"रविवारी जायचं," तो म्हणाला. मग चाचरत, "आणखी काय काय चुकीचं शिकवलं मी?"

रुपलने सगळे मोहरे पुन्हा मांडले. शिशाचा हत्ती आपल्या कोपऱ्यात ठेवला आणि पट फिरवला.

"बस, बाबा. पांढरी तुझी."