आमलीकुंडाच्या पायऱ्या

“धारेखाली उभी राहा. अंगावर चार थेंब पडू देत, मगच देवीची ओटी भर. वरूनच हात जोडून परत येऊ नकोस हं, बकुळा. नवस तसा फिटत नाही.”

इंदूवहिनींनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा अजेय सात वर्षांचा होता आणि टायफॉइडने धार शहरातल्या दवाखान्यात निपचित पडला होता. त्याला सोडून त्यांना हलता येत नव्हतं. म्हणून खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं सगळं बांधून देऊन त्यांनी धाकट्या जावेला, बकुळाला, शेजारच्या बायकांबरोबर जीपने आमलीकुंडाला पाठवलं. मानपूरच्या पुढे, घाटाच्या कडेवरून तिथे धबधबा कोसळतो. तळाशी कुंड, आणि कुंडाच्या काठावर देवीचा शेंदूर माखलेला तांदळा. बकुळा संध्याकाळी परत आली.

“भरली ओटी?” वहिनींनी विचारलं.

“भरली,” बकुळा म्हणाली.

त्याच रात्री अजेयचा ताप उतरला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आणि बकुळा त्या दिवशी कुंडापर्यंत उतरलीच नव्हती.

देवासला तिच्या घरी पहाटेचा नेम कधी चुकत नसे. तुळशीला अकरा प्रदक्षिणा, विष्णुसहस्रनाम, देवापुढे दिवा, आणि चातुर्मास लागला की एक वस्तू सोडायची. एका वर्षी वांगी सोडली, एका वर्षी चहातली साखर. यंदा राममंदिरात प्रवचनाला आलेले बुवा म्हणाले, “वांगी सोडता त्याने वांग्याचं काय बिघडतं? जिभेवरचं खोटं सोडून बघा चार महिने.” बाकीच्या बायका हसल्या. बकुळाने मात्र आषाढी एकादशीला हातावर पाणी घेतलं आणि कुणाला न सांगता तसा संकल्प केला.

पहिले पंधरा दिवस गमतीतच गेले. शेजारच्या मोनाने ढोकळा पाठवला आणि कुंपणावरून विचारलं, “आंटी, कैसा बना?” बकुळा हळूच म्हणाली, “मधून जरा कच्चा राहिला गं.” मोना चार दिवस रुसली आणि पाचव्या दिवशी वाटी घेऊन कृती विचारायला आली. यजमानांनी, जगदेवरावांनी, नवा शर्ट घालून “कसा दिसतो?” म्हटलं, आणि उत्तर ऐकून तो काढून ठेवला. प्रवचन त्यांनीही ऐकलं होतं, तिचा संकल्प त्यांनी ओळखला. “कार्तिकीपर्यंत तुला काही विचारायचं म्हणजे पंचाईतच आहे,” ते म्हणाले.

मग अजेयचा फोन आला. तो आता पिथमपूरला कारखान्यात इंजिनियर होता, धारलाच आईजवळ राहत होता, आणि त्याची श्रिया चार वर्षांची झाली होती.

“काकू, श्रावणातल्या सुटीचं सगळं जमवून राहिलोय. तीन दिवस, पाच धबधबे! पहिल्या दिवशी मांडूचं काकडा खोह. दुसऱ्या दिवशी जोगी भडक आणि पाताळपाणी. तिसऱ्या दिवशी सकाळीच आमलीकुंड, मग गिदिया खोह बघून संध्याकाळी तुमच्याकडे देवासला मुक्काम. गाडी टॅक्सीवाल्या रणवीर भियाची. काका आणि तुम्ही आदल्या दिवशीच धारला या.”

“बरं,” बकुळा म्हणाली.

“बस, एकच गोष्ट अटकलीये. आमलीकुंडाला पायऱ्या किती? नेटवर कोणी दीडशे म्हणतो, कोणी तीनशे. कठड्याचं तर कोणी लिहिलंच नाही. आपल्या घरातून खाली उतरलेल्या तुम्ही एकट्या. आईचं म्हणणं, काकू जिथे उभ्या होत्या तिथेच श्रियाला धारेखाली उभं करायचं. पोरीला घेऊन उतरता येईल ना? तुम्ही म्हणाल तसं करू.”

“विचार करून सांगते,” ती म्हणाली. त्या घटकेला एवढंच काय ते खरं तिच्याजवळ होतं.

फोन ठेवल्यावर ती झोपाळ्यावर बसून राहिली. “उतरता येईल” म्हणावं तर चार वर्षांची पोर निसरड्या पायऱ्यांवर जाणार, तीही तिच्या शब्दावर. “मला ठाऊक नाही” म्हणावं, तर का ठाऊक नाही हे आलंच. आणि ते एकदा सांगितलं की वहिनींपर्यंत जाणार. वहिनी दर हळदीकुंकवाला तिला हाताला धरून पुढे करायच्या, “ही आमची बकुळा. माझ्या लेकासाठी भर पावसात कुंडात उतरली होती.” सख्ख्या बहिणीवर करावी तशी माया त्या बावीस वर्षं करत आल्या होत्या. त्या मायेखाली काय आहे हे त्यांना कळलं, तर ती तशीच राहील का?

फोनवर बोलण्याजोगी गोष्ट नव्हती ही. दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा आटोपून ती यजमानांना म्हणाली, “धारला जाऊन येते. वहिनींशी बोलायचंय.”

“काय बोलायचंय?”

“आल्यावर सांगते.”

“राहू दे बाई,” जगदेवराव घाईघाईने म्हणाले. “तू खरं सांगशील.”

इंदूरला बस बदलून धारला पोचेपर्यंत तिने मनात वीस वाक्यं जुळवली. वहिनींच्या दारात चपला काढताना त्यातलं एकही आठवेना.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. सहलीसाठी भाजणीच्या चकल्या चालल्या होत्या. “आलीस? देवानेच पाठवलं तुला. हा सोऱ्या दाबायला माझ्या हातात जोर राहिला नाही. हात धू आणि बस.”

बकुळा दुखरे गुडघे सांभाळत बसली. दोन चकल्या पाडल्या. तिसरी अर्ध्यावर तुटली.

“वहिनी, मी आमलीकुंडात उतरले नव्हते.”

“कधी?”

“अजेयच्या वेळी.”

वहिनींनी झाऱ्यातल्या चकल्या निथळून काढल्या आणि गॅस बंद केला. वळून पाहिलं नाही. बकुळा त्यांच्या पाठीकडे बघतच बोलत राहिली. पाऊस होता, दगडी पायऱ्यांवर शेवाळ होतं. बरोबरच्या बायका भराभर उतरून गेल्या. बाराव्या पायरीवर तिचे पाय असे लटपटले की ती मटकन खालीच बसली. वर जाववेना, खाली जाववेना. तेवढ्यात डोक्यावर पानांची टोपली घेतलेली एक भिल्ल बाई शेजारून खाली निघाली. “माय, ये माता को चढा देना,” म्हणून बकुळाने सगळी ओटी तिच्या टोपलीत ठेवली. बाईने मान हलवली आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली. बरोबरच्या बायका वर आल्या तेव्हा रिकामी पिशवी बघून हिनेही ओटी भरली असंच त्यांनी धरलं. त्या भिल्ल बाईने ओटी देवीला वाहिली की नाही, कोण जाणे.

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते. पण तुम्ही दवाखान्याच्या दारात उभ्या होतात. तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि ‘भरली’ हेच निघालं. मग रात्री ताप उतरला. वहिनी, मला वाटलं, आता खरं सांगितलं आणि ताप परत चढला तर?”

बाहेर भाजीवाल्याने दोनदा हाक मारली, तरी वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

“बाराच पायऱ्या?”

“बारा.”

“आणि मी अख्ख्या धारला सांगत हिंडले. त्या तहसीलदारीणबाईंनासुद्धा सांगितलं! पाण्याची धार दुधासारखी दिसते म्हणाली होतीस.”

“ते कॅलेंडरावर बघितलं होतं.”

“शाबास!” वहिनी वळल्या. चेहरा लाल झाला होता. बकुळाने मान खाली घातली. आता काय ऐकावं लागेल याची वाट बघत ती सोऱ्याचा दांडा नुसताच फिरवत राहिली.

“थांब,” वहिनी एकदम म्हणाल्या. “मग तुझे गुडघे?”

“गुडघ्यांचं काय?”

“ते त्या पायऱ्यांनी गेले ना? चढून-उतरून?”

“छे हो. आमच्या आईचेही असेच होते. पस्तिशीतच धरले होते तिचे.”

वहिनींनी जवळचा स्टूल ओढला आणि त्यावर बसल्या. “अगं, मग मी दर थंडीत तिळाच्या तेलात ओवा-लसूण घालून तुझ्यासाठी बरणी भरते ती कशासाठी? माझ्या पोरासाठी हिचे गुडघे घालवले म्हणून! तू खाली बसताना ‘आई गं’ म्हणालीस की माझ्या पोटात खड्डा पडायचा. दर मंगळवारी देवीपुढे तुझ्या गुडघ्यांची क्षमा मागते मी. बावीस वर्षं!”

बकुळा त्यांच्याकडे बघतच राहिली. तेल मायेचं आहे एवढंच तिला ठाऊक होतं. त्या मायेत ही धास्ती कालवलेली आहे, हे तिला कधी कळलं नव्हतं.

“मंगळवारी?” तिने विचारलं.

“दर मंगळवारी. उपास करून!”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळेही त्याच पदराने पुसत होत्या. बकुळाच्या छातीवरून कुणीतरी जातं उचलून बाजूला ठेवावं तसं तिला झालं. पीठ सुकत चाललं होतं, पण दोघींपैकी कुणालाही त्याची घाई नव्हती.

“पण वहिनी, देवीचं?” हसू ओसरल्यावर बकुळाने विचारलं.

“नवस कोणी बोलला होता? मी. पोर बरं झाल्यावर मीच जायला हवं होतं. तू जाऊन आलीस म्हणून मी निर्धास्त बसले. त्या बाईने नेली असेल ओटी. नसेल वाहिली, तर तिच्या घरी नारळ फुटला असेल, तिच्या पोरांनी खाल्लं असेल. देवी काय त्यांची नाही? आता जाऊ तेव्हा मी वरून हात जोडीन आणि माझं मी तिला सांगेन. डॉक्टर मला दहा पायऱ्याही उतरू देत नाहीत, हे तिलाही दिसतं.” मग त्या गॅस पेटवत म्हणाल्या, “अजेयला मी सांगते. तू गप्प राहा.”

“नाही. मीच सांगते.”

अजेय संध्याकाळी कामावरून आला तेव्हा तिने सांगितलं. त्याची बायको ऋजुता चहाचा कप हातात धरून ऐकत उभी राहिली.

“म्हणजे काकू, तुम्हाला पायऱ्या माहीतच नाहीत?”

“बारापर्यंत माहीत आहेत.”

तो खो खो हसला, मग एकदम गंभीर झाला. “भोत बरं केलं सांगितलं. मी श्रियाला खांद्यावर घेऊन उतरणार होतो.” त्याने तिथल्या तिथे रणवीरला फोन लावला. रणवीर दोनदा सवारी घेऊन तिथे जाऊन आला होता. त्याने सांगितलं की पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, एका बाजूने कठडा नवा लावलाय, पाऊस नसला तर मोठ्यांनी सकाळी उतरावं, पोरांना वरच ठेवावं. यादीत अजेयने लिहिलं, श्रिया वर, आई वर.

बकुळा त्या रात्री धारलाच राहिली. निजायच्या आधी वहिनी तिच्या अंथरुणापाशी येऊन बसल्या. “जबरदस्ती नाही. पण जमेल तितकं खाली जा. आणि वर येऊन मला सांग, कसं दिसतं ते. मी अजून ते पाणी बघितलेलंच नाही. कॅलेंडरावरचं सांगू नकोस.”

“जेवढं दिसेल तेवढंच सांगेन,” बकुळा म्हणाली.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमलीकुंडाला पोचले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पाणी कुठेतरी खाली गर्जत होतं, वरून नुसता तुषारांचा धूर दिसत होता. श्रियाने भाजलेल्या भुट्ट्यासाठी हट्ट धरला होता आणि ऋजुता तिला घेऊन गाड्यापाशी उभी होती. अजेय आणि जगदेवराव फोटो कुठून चांगला येईल यावर वाद घालत होते. वहिनी झाडाखाली खुर्चीवर बसून डोळे मिटून पुटपुटत होत्या, त्यांचे हात जोडलेले होते.

बकुळाने पायात ऋजुताचे बूट घातले होते, साडीच्या निऱ्या जरा वर खोचल्या होत्या. ती कुणालाही हाक न मारता कठड्यापाशी गेली. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि ती उतरायला लागली.