आयतोबा

यंत्रातून अजून उत्तर आलं नव्हतं आणि भिंगरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी क्षणभर स्वस्थ बसत नसे म्हणून मोठ्या भावाने ठेवलेलं, ते चाळिशी ओलांडली तरी चिकटून राहिलं होतं. प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणत. पण मॅडम खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागल्या की मदतनीस बाई निमूटपणे खुर्च्या बाजूला सारत.

काम सांगायला सोपं होतं. रानात तांबडसालीची उंच झाडं होती आणि त्यांच्या लाकडावर अख्ख्या गावाच्या चुली पेटत होत्या. त्या झाडांखाली उगवलेल्या रोपांची पानं तिने आणली होती आणि प्रत्येक रोपाचा बाप कोण ते शोधायचं होतं. आईबद्दल वाद नव्हता, जिच्याखाली फळ पडलं ती आई. बापाचा पराग मात्र बारीक माश्या कुठून कुठून घेऊन येतात, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खिंडीअलीकडच्या रानातल्या सगळ्या मोठ्या झाडांच्या पानांशी रोपांची पानं ताडून पाहायची.

अखेर पडद्यावर उत्तर आलं. पहिल्या रोपाचा बाप कड्यावरचं झाड. दुसऱ्याचाही तोच. तिसऱ्याचाही. ती भराभर खाली सरकत गेली. शेवटपर्यंत तेच झाड.

कड्यावरच्या त्या झाडाला तोडणीवाले आयतोबा म्हणत. एवढी जागा अडवून बसलाय, फुकटचं ऊन खातोय आणि जन्मात एक फळ टाकलं नाही! फळं देणाऱ्या झाडांना त्यांनी लेकुरवाळ्या हे नाव दिलं होतं. तोडणीचा नियमही त्यावरूनच ठरला होता. लेकुरवाळ्या राखायच्या, रिकामी झाडं पाडायची, म्हणजे रान पुन्हा भरेल. नियम काढला टोळीच्या मुकादमाने, म्हणजे तिच्याच दादाने, आणि त्यावर मान डोलावली होती तिनेच. या जातीत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एवढ्या उंचावरची एवढीशी फुलं बघायला वर चढलं होतं कोण? नराला फळ धरणार कुठून!

दादाचा फोन लागेना. तिने वहिनीला लावला.

“वहिनी, दादा आज कुठे गेलाय?”

“कड्यावर. आज त्या आयतोबाची पाळी, म्हणाले. का गं, आवाज असा का तुझा?”

“त्याला थांबवायचंय.”

“तुझ्या दादाला? मला लग्न झाल्यापासून जमलेलं नाही,” वहिनी म्हणाली. एरवी भिंगरी खो खो हसली असती. आज तिने फोन ठेवला आणि जीपकडे धाव घेतली.

जीपचा ड्रायव्हर भलता निवांत माणूस. खड्डा दिसला की आधी त्याची विचारपूस करणार, मग तो ओलांडणार. घाटात लाकडाचा ट्रक आडवा झालेला दिसताच त्याने इंजिन बंद करून आळस दिला. भिंगरी उतरली आणि सरळ पायवाटेने चढू लागली. वरून करवतीचा आवाज येत होता. तो थांबला. जेवायला बसले असतील, तिने स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात वर काहीतरी कडकडलं, पायाखालची जमीन हादरली आणि पाखरांनी एकच कालवा केला.

ती पोचली तेव्हा दादा ताज्या बुंध्यावर बसून डबा उघडत होता.

“आलीस? बघ, एकाही लेकुरवाळीला खरचटू दिलं नाही. अलगद झोपवला त्याला.”

भिंगरीला धाप लागली होती. “दादा, त्या लेकुरवाळ्यांची सगळी पोरं ह्याची आहेत.”

“कुणाची?”

“तू बसलायस त्याची. नर होता तो.”

दादा हसला. “अगं, जन्मात एक फळ धरलं नाही त्याने.”

“तू धरलंस? तिन्ही पोरं वहिनीच्या पोटी आली, म्हणून तुला कुणी करवत लावली का?”

टोळीतलं कुणीतरी फिसकन हसलं. दादाने डब्याचं झाकण लावलं. तो हळूच बुंध्यावरून उठून बाजूला उभा राहिला.

आडव्या पडलेल्या शेंड्यावर बारीक पिवळी फुलं होती. माश्या अजून त्यांच्यावर घोंगावत होत्या.

“आजच्या दिवस पराग टिकेल,” भिंगरी म्हणाली. “तुझी माणसं लेकुरवाळ्यांवर चढव, हाताने लावू. एक हंगाम तरी निभेल.”

“आणि पुढे? तुझ्या रोपवाटिकेत ह्याची पोरं आहेत ना? ती लावू की.”

“सगळी एका बापाची, दादा. भावाबहिणींचीच लग्नं लावायची? पुढची पिढी खुरटणार. दुसरा नर हवा, आणि इकडचे तर आपण केव्हाच संपवले.” तिला दादाचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दादाने खिंडीकडे पाहिलं. “पलीकडे एक रिकामं आहे,” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. “आज दुसरी टोळी तिथेच आहे. मीच शिकवलंय त्यांना, रिकामं दिसलं की पाडा.”

तो बोलतोय तोवर खिंडीपलीकडे करवत सुरू झाली.

दादाचा एक गुडघा कधीचा निकामी झाला होता. घरात दोन पायऱ्या चढताना तो वहिनीला हाका मारायचा. तो दादा डबा तसाच टाकून लंगडत, धडपडत, दगडांना धरत खिंडीकडे पळत सुटला. गळ्यातली मुकादमाची शिट्टी पळता पळताच त्याने तोंडात धरली. तिचे लांब सूर आले की रानातली प्रत्येक करवत थांबलीच पाहिजे, अशी रीत होती. पण धावून धावून त्याच्या छातीत वाराच उरला नसावा. शिट्टी नुसती फुसफुसत होती आणि करवत चालूच होती.

तो खिंडीत दिसेनासा झाला. मग एक शिट्टी वाजली. लांब. आणखी एक.

करवत थांबली.

भिंगरीने श्वास रोखला. मघाशीही अशीच थांबली होती. ती कडकडाटाची वाट पाहत राहिली, पाय जमिनीत रोवून, पायाखाली हादरा येतो का ते चाचपत. पाखरं उडाली नाहीत. आल्या त्या दादाच्या शिव्या, एकामागून एक, खड्या आवाजात, पलीकडच्या मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या.

ती पदर तोंडावर धरून रडली. मग तिने दादाचा डबा रिकामा केला आणि आयतोबाची फुलं खुडून त्यात भरू लागली.